घोटाळा, प्रकरण, कांड आणि ते 'गेट'

प्रश्न असा आलाय की राजकीय भानगडींना कुणी घोटाळा म्हणतं कुणी प्रकरण आणि हल्ली तर कशालाही गेट जोडतात, मग ज्या भानगडी टीव्हीवरच्या थ्रिलरसारख्या वाटतात त्यांना नेमकं म्हणायचं काय?

माझं मत, प्रकरण. घोटाळा म्हणजे मुळात गोंधळ, 'नावात घोटाळा झाला' असं आपण अजूनही म्हणतोच की. तोच गोंधळ पैशाच्या हिशोबात मुद्दाम केलेला असला की पेपरातला घोटाळा. म्हणजे पैसा हवाच. १९६३चं ब्रिटनचं प्रोफ्युमो प्रकरण घ्या, युद्धमंत्र्याचे एका तरुणीशी संबंध, तिची सोविएत नौदलाच्या अधिकाऱ्याशीही ओळख, वर मंत्री संसदेत खोटं बोलला आणि राजीनामा द्यावा लागला, याला घोटाळा कसं म्हणणार?

आणि पैसा असला तरी कधीकधी गोष्टच इतकी अचाट असते ना! मे १९७१, दिल्लीत स्टेट बँकेच्या हेड कॅशियरला फोन येतो, आवाज इंदिरा गांधींचा, बांगलादेशच्या गुप्त कामासाठी ६० लाख रोख हवेत, आणि हा गडी चक्क परवलीच्या शब्दावर रस्त्यात पैसे देऊन पावती घ्यायला पंतप्रधानांकडे जातो तर तिथे कुणी फोनच केलेला नाही! पैसे घेऊन गेलेला नगरवाला त्याच दिवशी पकडला गेला, पण तपास अधिकारी अपघातात गेला, पुढच्या वर्षी नगरवालाही कैदेत असतानाच वारला. लेखकाने लिहिलं असतं तर 'जरा अतीच होतंय' म्हटलं असतं आपण. याला सगळे नगरवाला प्रकरणच म्हणतात.

गंमत म्हणजे संस्कृतात प्रकरण हा नाट्यप्रकारच आहे, ज्याचं कथानक कवीने स्वतः रचलेलं असतं. मृच्छकटिक हे प्रकरण, त्यात राजाचा मेहुणा खुनाचा खोटा आळ घालतो आणि मागे सत्तापालट शिजत असतो. (आजचा अर्थ तिथून आलेला नाही, तो कर्जप्रकरणातला, म्हणजे बाब किंवा केस. पण जुळतंय झकास.)

कांड मी रक्तपातासाठीच ठेवीन, हत्याकांड वगैरे.

राहिलं गेट. वॉटरगेट हे वॉशिंग्टनमधल्या इमारतींचं नाव, १९७२त तिथल्या विरोधी पक्षाच्या ऑफिसात घुसलेले पाच जण पकडले गेले आणि १९७४त अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. त्या नावाचं शेपूट तोडून सगळीकडे चिकटवलं, इराणला चोरून शस्त्रं विकल्याचं इराणगेट काय नि कोळशाचं कोलगेट काय. मराठीत ते टूथपेस्टच वाटतं, नका वापरू.