बंद खदान आणि जुन्या कबरी

प्रश्न : आमचे गाव वरोरा तालुक्यात आहे. गावाबाहेर कोळशाची एक जुनी, बंद पडलेली खदान असून तिचे उतरते तोंड अजून उघडे आहे. जवळच्याच झुडपांत इंग्रजी अक्षरे कोरलेल्या चार-पाच कबरी आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे मित्र दोन्ही पाहणार आहोत. बॅटऱ्या, दोर आणि पाणी घेतले आहे. आणखी काय सोबत घ्यावे? (एक वाचक, जि. चंद्रपूर)

उत्तर : कबरी अवश्य पाहाव्यात. खदानीत मात्र उतरू नये. सोबत काहीही घेतले तरी हे उत्तर बदलणार नाही.

आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची रीत होती. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि तो १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, म्हणजे माणसाला माघारी फिरायला थोडी उसंत मिळते. बंद खदानीतला कोळसा वर्षानुवर्षे प्राणवायू शोषत राहतो आणि कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळे सखल भागात साचतो. अशा हवेला वास नसतो, रंग नसतो, आणि आपली बॅटरी तर तिच्यात लख्ख पेटलेलीच राहते. म्हणून कंदील न्यावा म्हटले, तर कोळशाच्या खदानीत मिथेनही असू शकतो आणि हवेत तो ५ ते १५ टक्के असला की उघड्या ज्योतीने स्फोट होतो. दोराचा भरवसा तर मुळीच धरू नये, कारण पहिला कोसळला की दुसरा त्याला आणायला धावतो आणि त्याच हवेत सापडतो. विहिरीतल्या दुर्घटनांच्या बातम्यांत हेच वाचायला मिळते.

खदानीवरची जमीनही भरवशाची नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात घुग्घुस येथे राहते घर जमिनीत गडप झाले होते. तेव्हा तोंडाच्या आसपासही रेंगाळू नये, आणि ते उघडे असल्याचे ग्रामपंचायतीमार्फत तहसीलदारांना लेखी कळवावे.

आता कबरींविषयी. वरोऱ्याची सरकारी खदान १९०६ मध्ये बंद झाली. वर्ध्याहून तिथवर रेल्वे आली ती या कोळशासाठीच. आपल्या गावच्या कबरींचा तिच्याशी संबंध आहे की नाही, हे त्यांवरील सनावरून ताडून पाहता येईल. अक्षरे पुसट असतील तर खडू किंवा तारेचा ब्रश लावू नये. सकाळी ऊन तिरपे असताना जावे, किंवा घरचा आरसा बाजूला धरून दगडावर कडेने उजेड पाडावा. दुपारी मुळीच न दिसणारी अक्षरे त्या सावलीत उठून दिसतात. नाव, वय, सन जसेच्या तसे, चुकीच्या वर्णलेखनासकट उतरवून घ्यावे. ब्रिटिश काळातील दफनांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यांच्याशी ते ताडता येते. झुडपांत शिरण्याआधी काठीने गवत झोडपावे, हे गावच्या मुलांना सांगायला नकोच.

पुरलेले काही हाती लागले तर ते उचलू नये. दहा रुपयांहून अधिक किमतीचे निधान सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

कबरींचीच ओढ असेल, तर नागपूरजवळ काटोल मार्गावरील जुनापाणीला एकदा जावे. तेथे माळावर लोहयुगातील दफनांची सुमारे तीनशे शिळावर्तुळे, म्हणजे गोलाकार मांडलेल्या दगडांची कडी, आहेत. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये त्यांविषयी लिहिले होते. वर्तुळांतील काही दगडांवर ओळीने कोरलेले लहान खळगे आहेत. तेही तिरप्या उन्हातच नीट दिसतात.