प्रश्न तुमचे: नवरा रविवारी चर्चला येतो, पण घरी बायबल उघडत नाही

प्रश्न: ताई, जय ख्रिस्त. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन मुलं आहेत, आम्ही पिंपरीत राहतो. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. माणूस चांगला आहे हो, दर रविवारी उपासनेला येतात, दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देतात, मंडळीत काही कार्यक्रम असला की खुर्च्या उचलायला हेच पहिले, पण घरी बायबल उघडायचं नाव नाही. जानेवारीत मी वर्षात बायबल पूर्ण करायचा तक्ता फ्रिजवर लावला, दोघांच्या नावाचे दोन रकाने, त्यांनी पहिलं पुस्तक उत्पत्ति पूर्ण केलं, दुसऱ्या म्हणजे निर्गमापर्यंत आले आणि तिथेच थांबले, त्यांचा रकाना तेव्हापासून कोराच आहे. मी उशीवर बायबल ठेवून बघितलं, रोज व्हॉट्सअ‍ॅपवर वचन पाठवते तर नुसता अंगठा येतो. परवा मी बोलून गेले की माझा भाऊ बघा, रोज पहाटे उठून वाचतो, तर दोन दिवस अबोला. कुटुंब प्रार्थनेत आळीपाळीने एकेक वचन वाचायचं असतं तर यांची पाळी आली की 'तूच वाच'. मी काय करू?
*एक भगिनी, पिंपरी*

उत्तर: आधी तो फ्रिजवरचा तक्ता काढा. आज संध्याकाळी ते यायच्या आत काढा आणि काढला म्हणून सांगूही नका. पाणी प्यायला फ्रिज उघडला की दर वेळी आपला कोरा रकाना दिसतो आणि शेजारी बायकोचा भरलेला, सांगा बरं कुठल्या माणसाला वाचावंसं वाटेल? शाळेतल्या प्रगतिपुस्तकावरून घरात इतकी भांडणं होतात, इथे तर ते २४ तास लटकलेलं.

आणि तक्ते वाईट असतात असं नाही, स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरी मॅक्‌शेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी असा एक केला होता, रोज चार अध्याय, आजही जगभर लोक तो वापरतात. पण त्याच मॅक्‌शेन साहेबांनी त्यासोबत धोकेही लिहून दिले होते, की वाचन नुसतं उरकण्याचं काम होईल, आपण पूर्ण केलं म्हणून माणूस स्वतःवरच खूश होईल आणि काहींना ते न पेलणारं ओझं होईल. ज्याने तक्ता बनवला त्यालाच हे माहीत होतं, आपण मात्र तक्ता घेतो आणि ते पान विसरतो.

तुमचे मिस्टर निर्गमात अडकले यात नवल नाहीच. बायबलमध्ये ११८९ अध्याय, म्हणजे वर्षात संपवायचं तर रोज तीनापेक्षा थोडे जास्तच. पहिल्या पानापासून सुरू केलं की उत्पत्तीचे ५० अध्याय गोष्टींमुळे भराभर जातात, निर्गमातही समुद्र दुभंगेपर्यंत मजा येते, मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची मापं सुरू होतात, किती हात लांब, किती हात रुंद, कुठली कडी कुठल्या फळीला, आणि फेब्रुवारी लागता लागता माणूस तिसऱ्या पुस्तकाच्या, लेवीयाच्या दारात येऊन पडतो. दहा तास मशीनवर उभं राहून आलेल्या माणसाला रात्री साडेअकराला अर्पणाचे नियम वाचायला दिले तर तो झोपणारच, त्यात अविश्वास वगैरे काही नाही.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, ती तुम्ही शेवटी घाईघाईत लिहिलीय. 'तूच वाच'. भगिनी, पुष्कळ पुरुषांना मोठ्याने वाचायची लाज वाटते आणि ते कोणी कबूल करत नाही. जुन्या करारातलं एखादं वचन वाट्याला येतं, मध्येच नबुखद्नेस्सर येतो नाहीतर यहोशाफाट, माणूस अडखळतो, मुलं हसतात, बायको हळूच उच्चार सुधारून देते. झालं, पुढच्या वेळी 'तूच वाच'. तुमच्याकडे नेमकं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण तुम्ही कधी त्यांचा उच्चार सुधारलाय का ते आठवून बघा.

तर ते 'तूच वाच' म्हणतात ना, मग वाचा की! ती तक्रार समजू नका, ती त्यांची ऑफर आहे. तुम्ही वाचा, त्यांनी ऐकायचं. यात कमीपणा काहीच नाही, पहिल्या शतकातल्या मंडळ्यांमध्ये बहुतेकांनी बायबल असंच ऐकलं, हातात पुस्तक कोणाच्या होतं? प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला बजावून लिहितो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा, कलस्सैकरांना सांगतो की तुमच्याकडे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीत पण वाचायला द्या. वाचणारा एक, ऐकणारे सगळे. तुमच्या घरात वाचणाऱ्या तुम्ही, बस.

मार्कपासून सुरू करा, म्हणजे मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानापासून, येशूच्या चरित्रापासून. मत्तय नको, कारण तिथे पहिल्याच पानावर वंशावळ आहे, शल्तीएल आणि जरुब्बाबेल करत तुम्हीच दमाल. मार्कमध्ये जन्माची गोष्ट नाही, वंशावळ नाही, थेट नदीवर बाप्तिस्मा आणि कामाला सुरुवात, १६ अध्याय, सगळ्यात छोटं शुभवर्तमान. पहिल्याच अध्यायात शिमोनाची सासू तापाने पडलेली आहे आणि जावई घरात चार पाहुणे घेऊन येतो, सासू म्हटलं की नवरे लोक आपोआप कान टवकारतात. पण अख्खा अध्याय एका बैठकीत वाचायचाच असं नाही, एक प्रसंग वाचा आणि थांबा. पाच मिनिटं. त्यांनी 'पुढे काय झालं' विचारलं तरच पुढे जा.

आणि कृपा करून वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं नकोत. 'यातून तुम्ही काय शिकलात' हे तर अजिबात नको, तो संडे स्कूलचा प्रश्न आहे आणि समोर चाळिशीला आलेला माणूस बसलाय. तुम्हाला त्यात जे खटकलं किंवा कळलं नाही ते बोला. उदाहरणार्थ चौथ्या अध्यायात वादळ आलंय, नावेत पाणी भरतंय आणि येशू मागे उशी घेऊन झोपलाय, मला लग्नानंतर कितीतरी वर्षं कळत नव्हतं की तो झोपू कसा शकतो. असं काही बोललात की नवरा उत्तर देतो, कारण आता त्याची परीक्षा चाललेली नाही, तुम्हाला उत्तर सापडत नाहीये.

वेळेचं म्हणाल तर पहाटेचा हट्ट सोडा. तुमचा भाऊ पहाटे उठतो, उठू दे, त्याला शिफ्ट आहे का? पहिल्याच स्तोत्रात धन्य माणूस रात्रंदिवस मनन करतो असं लिहिलंय, म्हणजे नाइट शिफ्टवाल्यांची सोय तिथेच झाली. तुम्ही त्यांनाच विचारा की फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तुम्हाला कधी बरं पडेल आणि नाइटच्या आठवड्यात कधी. जेवणानंतर म्हणाले तर जेवणानंतर, चहाबरोबर म्हणाले तर चहाबरोबर. वेळ त्यांनी ठरवली की ती पाळायची जबाबदारी पण त्यांची वाटायला लागते. कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून ऐकतो म्हणाले तर तेही चालेल, मराठी नवा करार ऑडिओमध्ये मोबाईलवर फुकट मिळतो.

मार्क संपल्यावर त्यांना स्वतः काही वाचावंसं वाटलं तर नीतिसूत्रे सुचवा. त्यात ३१ अध्याय आहेत, आज जी तारीख तो अध्याय. याचा फायदा असा की काल राहिलं तर राहिलं, आज १२ तारीख म्हणजे बारावा, मागची थकबाकी काढत बसायचं नाही. आणि वर्षाचा हिशेबच आवडणारा माणूस असेल, कंपनीत टार्गेटची सवय असते काही जणांना, तर नव्या कराराचे अध्याय २६० आहेत, आठवड्याला पाच दिवस रोज एक म्हटलं तर ५२ आठवड्यांत पूर्ण होतो आणि शनिवार-रविवार मोकळे. पण हे त्यांनी विचारलं तरच हं.

व्हॉट्सअ‍ॅपवरची वचनं थांबवा. विशेषतः भांडणानंतर पाठवलेली. दुपारी वाद झाला आणि चार वाजता 'रागास मंद असावे' छापाचं वचन आलं की ते देवाकडून आलंय असं कुठल्याच नवऱ्याला वाटत नाही. प्रेषित पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बायकांना लिहिलंय की वचन न मानणारे नवरेसुद्धा बायकोच्या वागण्याने, काही न बोलता, जिंकले जातील. आपल्या महिला मंडळात या अध्यायातलं केसांच्या वेण्या आणि दागिन्यांचंच जास्त बोललं जातं, ते 'न बोलता' मात्र कोणी पाठ करत नाही.

आणि थोडा धीर धरा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली बरीच वर्षं दोघं वेगळी राहिली, केवढा कोंडमारा झाला तो सगळ्या मराठी वाचकांना माहीत आहे. पण शेवटी आल्या त्या स्वतःच्या विचाराने आल्या, आणि पुढे टिळकांनी अर्धवट ठेवलेलं ख्रिस्तायन हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य हातात घेऊन त्यांनीच पुढे नेलं. तुमचं तर त्यामानाने किती सोपं आहे, तुमचे मिस्टर रविवारी तुमच्या शेजारीच बसतात.

प्रश्न: ताई, माझं उलटं आहे. माझी बायको चौथीपर्यंत शिकलेली, विश्वास माझ्यापेक्षा पक्का, पण वाचायला घेतलं की एका ओळीला वेळ लागतो आणि ठेवून देते. तिने रोज वाचावं असं फार वाटतं.
*एक भाऊ, श्रीरामपूर*

उत्तर: भाऊ, तिच्या हातात कुठलं बायबल आहे ते आधी बघा. लग्नात मिळालेलं बारीक टाइपाचं, दोन रकान्यांचं असेल तर चष्मेवालेसुद्धा ठेवून देतात. मोठ्या टाइपाचं आणा. सोप्या मराठीतलं हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आहे, भाषा खरंच बोलण्यासारखी आहे. आणि तिला हे जरूर सांगा की केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्यासुध्या बायकांना समजावं म्हणूनच, त्यांच्याच मुक्ती मिशन या संस्थेतल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले, छापलं, आणि १९२४ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा रमाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती.

रोजचं म्हणाल तर ऑडिओ लावा आणि तेच पान तिच्या समोर उघडं ठेवा, बोट फिरवत फिरवत ऐकू दे. एकच स्तोत्र आठवडाभर, २३ वं घ्या, सहाच वचनं आहेत आणि अर्धं तिला पाठच असणार. पाठ असलेलं वाचताना अक्षरं लवकर ओळखीची होतात. ११९ वं एवढ्यात काढू नका, त्यात १७६ वचनं आहेत. आणि तिला विश्वास तुमच्यापेक्षा जास्त आहे म्हणता, मग प्रार्थना तिला करू द्या, वाचून तुम्ही दाखवा.

प्रश्न: आमचं नुकतंच लग्न झालंय. मी प्रोटेस्टंट, बायको वसईची कॅथलिक. रोज एकत्र वाचायचं ठरवलं तर पहिल्याच दिवशी वाद, माझ्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि तिच्यात ७३. कुणाचं वाचायचं?
*एक नवविवाहित, मुंबई*

उत्तर: नवा करार दोघांचाही सारखाच, २७ पुस्तकं. एका दिवशी तिच्या प्रतीतून, एका दिवशी तुमच्या, वर्षभर पुरेल एवढं आहे त्यात. तिच्या चर्चमध्ये मिस्सासाठी, म्हणजे तिथल्या उपासनेसाठी, रोजचे वाचनपाठ ठरलेले असतात, त्यातला शुभवर्तमानाचा भाग दोघांनी घ्यायला काहीच हरकत नाही, काय वाचायचं याचा वादच मिटतो. आणि त्या जास्तीच्या सात पुस्तकांत तोबीतचं पुस्तक आहे, त्याच्या आठव्या अध्यायात नवं लग्न झालेले नवरा-बायको पहिल्या रात्री उठून मिळून प्रार्थना करतात. तेवढा अध्याय वाचून घ्या आधी, यादी कोणाची बरोबर यावर भांडायला अख्खं आयुष्य पडलंय.