'अप' म्हणजे नेमकं वर की खाली? एका जुन्या अप-डाउनवाल्याचं उत्तर

बाबू, तुझा प्रश्न काल रात्रीच वाचला होता, पण मोबाईलवर एवढं टाइप करायचा कंटाळा आला. आज रविवार, तर्री-पोहे हाणून झाले, आता बसतो निवांत. प्रश्न थोडक्यात असा की बँकेच्या परीक्षेसाठी तुझ्या क्लासवाल्यांनी 'अप' या एवढ्याशा शब्दाचे चाळीस अर्थ छापून दिले, तू ते सगळे घोकले, अन तरी पेपरात 'मेक अप', 'टाइम इज अप', 'फेड अप' असं काही आलं की गाडी अडतेच. त्यात सर सांगून राहिले की इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ याच शब्दाचे आहेत.

सरांचं आधी निपटवून टाकतो. तो मान 'अप'चा नाही. जुन्या काळी 'सेट'चा होता, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या 1989 च्या आवृत्तीत त्याचे 430 अर्थ दिले होते. मग नव्या आवृत्तीचं काम चालू असताना 2011 मध्ये 'रन' पुढं गेला, नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ, अन तो एक शब्द उलगडायला तिथला एक संपादक नऊ महिने बसला होता म्हणे. म्हणजे आपल्याकडं एखादा पूल व्हायला लागतो तेवढा... नाही, आपल्याकडं पुलाला जास्त लागतो, जाऊ दे.

तर अप. मी बारा वर्षं वर्धा-नागपूर अप-डाउन केलं. हा शब्द आपल्या विदर्भात कोणाला समजवावा लागत नाही, 'सध्या कुठं असतो?' 'नागपूरलाच नोकरी, पण वर्ध्याहून अप-डाउन करतो', झालं. पास काढला, ठरलेला डबा, ठरलेली मंडळी, सिंदी येईपर्यंत पत्त्याचा एक डाव, बुटीबोरीला अर्धा डबा खाली, अजनी आलं की उठून दाराशी. इतकी वर्षं मी घरी सांगायचो की सकाळी अपनं जातो अन रात्री डाउननं येतो, कारण जाणं म्हणजे अप अन येणं म्हणजे डाउन, सरळ आहे ना. एक दिवस डब्यातले एक रेल्वेतलेच काका हसले, म्हणे अरे येड्या, तू सकाळी डाउन गाडीनं येतो अन संध्याकाळी अप गाडीनं घरी जातो. कसं काय? तर आपली मध्य रेल्वे, तिचं हेडक्वार्टर मुंबई, म्हणून मुंबईकडं तोंड करून जाणारी प्रत्येक गाडी अप, अन मुंबईकडं पाठ करून येणारी डाउन. गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ 12106, ती अप. मुंबईहून येणारी 12105, ती डाउन. ही पद्धत इंग्रजांची, त्यांच्याकडं लंडनच्या दिशेला अप म्हणतात, मग लंडन नकाशात वर असो की खाली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली अन तिच्यासोबत हा हिशोबही आला.

आता गंमत पाहा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर उंच, मुंबई तर समुद्रातच पाय सोडून बसलेली. म्हणजे अप गाडी प्रत्यक्षात साडेआठशे किलोमीटर जाऊन 300 मीटर खाली उतरते, मधात घाट चढते-उतरते ते वेगळं. तरी ती अपच. तेव्हा 'अप म्हणजे वर' हे जे तुझ्या यादीत पहिल्या नंबरवर छापलंय ना, तिथंच घोळ सुरू होतो.

मी जेव्हा नंतर हौसेनं याच्या मागं लागलो तेव्हा एक गोष्ट सापडली अन माझं अर्धं डोकं हलकं झालं. इंग्रजीतला 'अप' अन आपल्या संस्कृतातला 'उप' हे चुलत भाऊ आहेत, एकाच जुन्या मुळातून आलेले. त्याच मुळातून लॅटिनचा 'सब' निघाला अन ग्रीकचा 'हायपो', अन त्या दोघांचा अर्थ काय, तर खाली! सबवे, सबमरीन, सगळं जमिनीच्या नाहीतर पाण्याच्या खालचं. म्हणजे एकाच आजोबाचे नातू, एक वर म्हणतो, एक खाली म्हणतो, अन आपला उप म्हणतो जवळ. उपवास म्हणजे देवाजवळ राहणं, उपनिषद म्हणजे गुरूजवळ बसणं, उपनगर म्हणजे शहराला लागून असलेलं. हे जमतं कसं? त्या मुळाचा भाव होता 'खालून वर येत येत एखाद्या गोष्टीला भिडणं'. कोणी खालचं टोक धरलं, कोणी वरचं, कोणी ते भिडणं धरलं. (आपला 'वर' हा शब्दसुद्धा 'उपरि'वरून आलाय, अन इंग्रजीतला 'ओव्हर' त्याचा चुलत भाऊ. एकदा हे नातं दिसलं की परकं वाटत नाही.)

आता डोळ्यासमोर आण. उन्हाळ्यात सकाळी नळ आले, तू नळाखाली गुंड, म्हणजे पाणी भरायचं मोठं भांडं, ठेवलं. पाणी बुडातून वर चढून राहिलं. हा पहिला अप, वर चढणं. चढता चढता वाढून राहिलं, हा दुसरा, म्हणून भाव वाढले की 'प्राइसेस आर अप', आवाज वाढव म्हणजे 'टर्न इट अप'. मग पाणी काठाला येऊन टेकलं, हा तिसरा, भिडणं, 'ही केम अप टू मी' म्हणजे तो माझ्यावर चढला नाही, माझ्यापाशी आला. 'कॅच अप' पण हाच, पुढच्याला गाठणं. अन काठोकाठ भरलं की काम झालं, आता नळ बंद कर, हा चौथा, संपणं, पूर्ण होणं. 'टाइम इज अप' इथं बसतं. वेळ वर नाही गेला, वेळेचं गुंड भरलं. आपल्याकडं नाही का म्हणत, पापाचा घडा भरला, तसंच.

हा चौथा अप सगळ्यात जास्त छळतो, अन खरं सांगतो, मराठी माणसाला तोच सगळ्यात सोपा जायला पाहिजे, कारण तो आपल्याकडं रोज लागतो, फक्त तो शब्द वेगळा आहे. 'टाकणे'. आई नुसतं 'खा' म्हणते अन 'खाऊन टाक' म्हणते, यात काय फरक आहे सांग बरं. 'खा' म्हणजे खायला सुरुवात कर, 'खाऊन टाक' म्हणजे ताटात शीत दिसलं नाही पाहिजे. 'ईट' अन 'ईट अप'मध्ये तंतोतंत तोच फरक आहे. 'ड्रिंक अप', पिऊन टाक. 'टेअर अप', फाडून टाक. 'यूज अप', वापरून टाक. जिथं आपोआप होतं तिथं आपण 'जाणे' लावतो, विहीर आटून गेली, 'ड्राइड अप', कागद जळून गेला, 'बर्न्ट अप'. आता तू म्हणशील घर जळालं तर 'बर्न्ट डाउन' म्हणतात, ते काऊन? कारण घर जळालं की खाली कोसळतं, जमिनीला मिळतं, म्हणून डाउन. कागद नुसता संपतो, म्हणून अप. असाच माझा आवडता जोडा आहे पोलिसांचा लॉकअप अन 2020 चा लॉकडाऊन. लॉकअपमध्ये एकाला आत घालून कडी घातली, काम पूर्ण. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना जिथल्या तिथं दाबून ठेवलं.

यादी पाठ करून हे येत नाही, याचा पुरावा हवा असेल तर 'लागणे' घे. प्लॅटफॉर्मवर उभा राहून तू म्हणतो 'गाडी लागली', म्हणजे फलाटावर आली. अन मधल्या सीटवरची मावशी म्हणते 'मला गाडी लागते', तिला खिडकी अन लिंबू पाहिजे. नोकरी लागली, आग लागली, निकाल लागला, डोळा लागला, ठेच लागली, 'तो तुझा कोण लागतो', मन लागत नाही. याचे चाळीस अर्थ तुला कोणी छापून दिले होते का? अन उद्या कोणी अमेरिकन पोरगा मराठी शिकायला आला अन त्यानं 'वर' शब्दाची यादी मागितली तर त्याची काय हालत होईल विचार कर. वेळेवर, वरचेवर, वरवर, वरकमाई, लग्नातला वर, अन आजोबा वर गेले. इंग्रजीत 'ग्रँडफादर इज अप' म्हटलं की आजोबा झोपेतून उठले, मराठीत आजोबा वर गेले की फोन करून नातेवाईक बोलवावे लागतात.

आता 'मेक अप', कारण याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. मी एका कंपनीत स्टोअर्सला होतो, नाव जाऊ दे. वर्षाअखेरीला हेड ऑफिसनं स्टॉकचा रिपोर्ट मागितला. दोन रात्री बसून, बोल्ट अन बेअरिंग मोजून मोजून मी तो तयार केला अन मेलमध्ये इंग्रजीत ऐटीत लिहिलं, 'वी हॅव मेड अप द स्टॉक रिपोर्ट'. मला वाटलं नुसतं 'मेड' लिहिलं तर उघडं-उघडं दिसते, अप लावलं की 'पूर्ण करून टाकला' असं होईल. आताच वर मी तुला सांगितलं तेच लॉजिक, बघ. अर्ध्या तासात ऑडिटवाल्या साहेबांचा फोन. आवाज एकदम थंड. 'आकडे मनचे टाकले का?' मी म्हटलं नाही साहेब, मोजून टाकले. ते म्हणे, मग मेलमध्ये कबुली काऊन दिली? कारण 'मेड अप' म्हणजे रचून सांगितलेलं, मनचं. मग दुसऱ्या दिवशी एक माणूस नागपूरला आला अन त्यानं माझ्यासमोर परत सगळे बोल्ट मोजले. सगळे जुळले, पण तीन दिवस माझ्या टेबलावर चहा पिऊन गेला.

त्या तीन दिवसांत मला याची किल्ली सापडली अन ती मराठीतच होती: 'रचणे'. विटा रचतात, ढीग रचतात, कविता रचतात, अन कुभांडही रचतात. एकच क्रियापद. 'मेक अप' पण तसंच, तुकडे एकावर एक ठेवून काहीतरी उभं करणं. अकरा खेळाडू मिळून टीम होते, तिथं 'मेक अप'. चेहऱ्यावर थर रचले, मेकअप. बहाणा रचला, मेक अप. बुडालेला क्लास भरून काढला, तोही मेक अप, गुंडात कमी पडलेलं पाणी टाकून काठाला आणलं. भांडण झालेल्या दोघांत परत जुळलं, तेही. रिपोर्टला मात्र 'प्रिपेअर्ड' लिही, बाकी कशाच्या नादी लागू नको.

'ब्रिंग अप'चं तू विचारलं नाही पण पेपरात येते म्हणून सांगतो. लेकराला लहानाचं मोठं करणं, अन मिटिंगमध्ये विषय काढणं. दोन्हीत खालचं वर आणलंय, लेकरू उंचीनं, विषय दबलेला होता तो. 'शो अप', 'टर्न अप' पण यातलेच, जो दिसत नव्हता तो उगवला. आपण नाही म्हणत, 'हा कुठून उपटला बे?' 'हँग अप'ला मात्र जुना फोन आठव, भिंतीवरच्या डब्याला हुक असायचा, बोलणं झालं की रिसीव्हर वर अडकवायचा अन लाइन तुटायची. हुक गेला, डबा गेला, आता लाल गोळ्यावर बोट ठेवतो तरी हँग अपच म्हणतो.

एक सावधगिरी, इंग्लंड-अमेरिकेचा फरक. 'वॉश अप' म्हणजे इंग्रजाला जेवणाची भांडी घासायची असतात अन अमेरिकन माणसाला हात-तोंड धुवायचं असतं. 'नॉक अप' तर वापरूच नको, इंग्रजाकडं ते दार वाजवून उठवणं आहे अन अमेरिकन माणसाकडं पोरीला गरोदर करणं, ऐकलं तर मार बसेल. अन इंग्लंडात 'गो अप टू ऑक्सफर्ड' म्हणतात, तिथून हाकललं तर 'सेंट डाउन', म्हणजे पुन्हा आपली अप-डाउन रेल्वेच, मानाचं ठिकाण अप, तिथून लांब जाणं डाउन.

मराठीत मुरलेल्या अपवर जास्त भरवसा ठेवू नको, एवढंच. आपण म्हणतो 'गाडीला पिकअप नाही', अन बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) सामान आणायला जी छोटी मालगाडी लावतो तीही 'पिकअप', अन शाळेतून पोराला घेऊन येणं तेही. पेपरात यातला शेवटचाच जास्त येईल. 'चेकअप', 'बॅकअप', 'सेटअप' ठीक आहेत, जसे बोलतो तसेच लिही. मात्र ही नामं आहेत, क्रियापद करताना इंग्रजीत दोन शब्द वेगळे लिहितात, तिथं मार्क कटतात.

आता राहिला 'फेड अप'. 'फेड' म्हणजे 'फीड'चं रूप, खाऊ घातलेला. गुंडाचं उदाहरण इथं पोटाला लाव. इतकं खाऊ घातलं की गळ्यापर्यंत आलं, आता घास जात नाही. लग्नाच्या पंगतीत व्याही आग्रह करकरून जिलबी वाढून राहिला, तू ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तो चेहरा म्हणजे फेड अप. म्हणून त्याच्यापुढं 'विथ' येतो, कशानं पोट भरलं ते सांगायला. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, हा एक सरळ पाठ कर, त्याच्यात वेळ घालवू नको.

प्रॅक्टिस पेपरमधले जे वाक्य अडले असतील ते इथंच खाली टाक, फक्त नुसता शब्द नको, पूर्ण वाक्य टाक. संध्याकाळी बाजार करून आलो की पाहतो.