उपग्रह फोडल्यावर तुकड्यांचे काय होते?

प्रश्न : ‘मिशन शक्ती’ चाचणीत फुटलेल्या उपग्रहाचे तुकडे काही आठवड्यांत जळून जातील, असे सरकारने सांगितले होते. मग अशा चाचण्यांमुळे पर्यावरणाची हानी होते, असे का म्हटले जाते? अंतराळात ना वस्ती, ना हवा. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ही हानी किती काळ टिकणार, हे हवेवरच ठरते. अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवर वातावरणाचा अतिविरळ थर असतो. त्याच्या घर्षणाने तुकड्यांचा वेग मंदावतो आणि ते खाली येऊन जळतात. २७ मार्च २०१९ रोजी भारताने सुमारे २८० किलोमीटर उंचीवरचा स्वतःचाच उपग्रह पाडला, तो याच हिशेबाने. ही खबरदारी योग्यच होती. तरीही धडकेच्या जोराने काही तुकडे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्याही वर उसळले आणि वर्षाहून अधिक काळ फिरत राहिले.

चीनने मात्र ११ जानेवारी २००७ रोजी ‘फेंगयुन-१सी’ हा आपला जुना हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरहून अधिक उंचीवर फोडला. त्याचे नोंद ठेवता येतील एवढे मोठे तुकडेच तीन हजारांहून अधिक झाले आणि तेथे हवेचा अडथळा जवळजवळ नसल्याने त्यांतले बहुतेक अनेक दशके फिरत राहणार आहेत. सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने जाणारा एखाद्या सेंटिमीटरचा तुकडाही उपग्रह निकामी करू शकतो, आणि आपल्या पिकांची पाहणी करणारे ‘रिसोर्ससॅट’ उपग्रह ८१७ किलोमीटरवर, म्हणजे याच पट्ट्यात फिरतात. ज्यांचा त्या चाचणीशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्यावर हा धोका लादला गेला, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने आपला उपग्रह फोडला, तेव्हा अंतराळ स्थानकावरील सातही जणांना आपापल्या यानांत आसरा घ्यावा लागला. त्यांत दोघे रशियाचेच होते.

चाचणी नसतानाही अंतराळातून पडणाऱ्या अवशेषांपासून जमीनही सुटलेली नाही. जहाजांवर पाळत ठेवणारा ‘कॉसमॉस-९५४’ हा सोव्हिएत उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि त्याच्या अणुभट्टीचे किरणोत्सारी अवशेष बर्फाळ प्रदेशात दूरवर विखुरले.

१९६७ च्या अंतराळ करारानुसार अण्वस्त्रे कक्षेत ठेवता येत नाहीत, परंतु क्षेपणास्त्राने उपग्रह फोडण्यास त्यात मनाई नाही. अशा चाचण्या थांबवण्याचे आवाहन करणारा ठराव डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५५ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. आपली क्षमता एकदा सिद्ध झालेली असताना, अशी चाचणी पुन्हा करणार नाही, असे भारताने आता जाहीर करावे, असे माझे मत आहे.