मैदानावर स्वतःशी बोलणारे सर

"मॅडम, मी मुलींवर ओरडतो हे मला कळतं. पण नेमकं काय ओरडलो ते घरी गेल्यावर आठवत नाही. आठवतात ते फक्त त्यांचे चेहरे."

अमळनेरकडच्या एका गावातले क्रीडाशिक्षक, चाळिशीच्या आसपासचे. खो-खोच्या १७ वर्षांखालील मुलींचा संघ सांभाळतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) जूनमध्ये जळगावला माझ्याकडे समुपदेशनासाठी आले ते कुणी तक्रार केली म्हणून नव्हे, दोन चांगल्या खेळाडूंनी सरावाला येणं बंद केलं म्हणून. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे महिलांचे आणि पुरुषांचे, दोन्ही संघ जिंकले. तेव्हापासून त्यांच्या गावात आईबाप आपणहून पोरींना मैदानावर आणून सोडू लागले होते. आणि नेमक्या तेव्हाच यांच्या हाताखालच्या पोरी गळायला लागल्या.

"चिडायचं नसतं, पण मैदानात उतरलं की तोंड सुटतं," हे मी कबड्डीवाल्यांकडून ऐकते, क्रिकेटवाल्यांकडून ऐकते, तालमीतल्या वस्तादांकडूनही ऐकलंय. बहुतेकांनी डायरीचा उपाय करून पाहिलेला असतो. सरांनीही केला होता. वही उघडून दाखवली. पानामागून पान तेच: 'सराव ठीक. मुलींचे लक्ष नव्हते.' रात्री जेवण झाल्यावर लिहिलेली नोंद अशीच असते, इस्त्री केलेली. संध्याकाळी सहा वाजता डोक्यात काय चाललं होतं, ते त्यात कुठून सापडणार?

म्हणून मी म्हटलं, लिहू नका, बोला. सराव चालू असताना, जे दिसतंय आणि जे मनात येतंय ते तिथल्या तिथे, हळू आवाजात. फोन शर्टाच्या खिशात, रेकॉर्डिंग चालू. वीस मिनिटं पुरे. एकच पथ्य: 'का' सांगायचं नाही. कारण द्यायला लागलं की माणूस वकील होतो, आणि स्वतःचा वकील तर फारच हुशार असतो.

ही युक्ती काही माझी नाही. एरिक्सन आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात मोठ्याने विचार करण्याची ही पद्धत नीट बांधली. मनात आलेलं नुसतं बोलणं वेगळं आणि त्याचं स्पष्टीकरण देत बसणं वेगळं. स्पष्टीकरणाने विचाराची वाटच बदलते, हा भेद त्यांचाच. पुढे इंग्लंडमध्ये रग्बी लीगच्या प्रशिक्षकांना हीच पद्धत शिकवून त्यांच्या आत्मपरीक्षणाला ती कशी उपयोगी पडते, हे अभ्यासलं गेलं. रग्बीला चालतं ते खो-खोला का चालू नये, असा माझा साधा हिशेब.

सरांची अडचण वेगळीच होती. "एकटाच बडबडत उभा राहिलो तर गाव म्हणेल, सर कामातून गेले."

मग तोड काढली. गळ्यातली शिट्टी ओठांजवळ धरायची आणि तिच्याआड बोलायचं. मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधीच सांगून ठेवलं की रेकॉर्डिंग सरांच्या अभ्यासासाठी आहे, ऐकून झालं की पुसलं जाईल. हे सांगणं टाळू नका. मुलींचे आवाज त्यात येतातच.

पहिल्या दोन फिती निव्वळ हुकूमांच्या. "पय! पय ना! डोकं शे का तुले?" मनातलं एक अक्षर नाही. एरवी सर माझ्याशी शुद्ध मराठीत बोलतात. राग आला की अहिराणी बाहेर येते, तेही त्यांना तेव्हाच कळलं. मनापासून हसले.

तिसरी फीत आम्ही दोघांनी टेबलावर फोन ठेवून ऐकली. सहाव्या मिनिटाला सर तिसऱ्या चौकोनातल्या मुलीवर कडाडतात, "थांब! खो ऐकू येऊ दे आधी! फाउल देतेस फुकटचा!" खो मिळण्याआधी उठलं की फाउल, बरोबरच आहे. मग शिट्टीआडचा आवाज: "हिची घाई... मागच्या वर्षी जिल्ह्याला हिच्यामुळेच..." चौदाव्या मिनिटाला तीच मुलगी. खो मिळतो, ती क्षणभर बसूनच राहते, पळणारी हुलकावणी देऊन निसटते. सर: "झोपली का तू?"

सरांनी फोन थांबवला. मागे घेतला. पुन्हा ऐकलं. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"मॅडम, या पोरीने करायचं तरी काय?"

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने चहा मागवावा.

चहा पिताना तेच बोलू लागले. सहाव्या मिनिटाला ते त्या मुलीला पाहतच नव्हते, गेल्या वर्षीचा सामना पाहत होते. पुढच्या आठवड्याच्या फितीत शिट्टीआडून आलेलं वाक्य मला अजून आठवतं: "उजव्या पायावर सगळा भार टाकून बसलीय... म्हणून उठायला वेळ लागतोय... आधी पाय बघू." ओरडण्याच्या जागी बघणं आलं होतं. त्यांनी तिची बसायची ढब बदलून घेतली.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगते. सामना चालू असताना हा प्रयोग सुरुवातीला करू नका. तिथे डोक्याला तेवढी फुरसत नसते. आणि बोलता बोलता गाडी 'मीच नालायक' या रुळावर गेली, तर रेकॉर्डिंग बंद करा. ते आत्मपरीक्षण नाही, स्वतःलाच फटके मारणं आहे. झोप उडालेली असेल, घरीही हाच भडका होत असेल, तर आधी येऊन भेटा, फोन नंतर.

सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी नाही आली, आणि सर तिच्या घरी गेले तेव्हा तिने दारातूनच नमस्कार केला. तेही त्यांनी परतीच्या वाटेवर गाडी बाजूला लावून रेकॉर्ड केलंय.

सप्टेंबरात जिल्ह्याला उपांत्य फेरीत संघ एका गुणाने हरला. एसटीच्या मागच्या सीटवर सर फोनशी बारा मिनिटं बोलत होते. पुढच्या सीटवरच्या पोरीने वळून विचारलं, "सर, तुम्ही कोणाशी बोलतात?" ती फीत त्यांनी अजून ऐकलेली नाही. मंगळवारी घेऊन येणार आहेत.