काशीच्या राजाची विहीर, ऑक्सफर्डशायरात

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडात रेडिंगला असते. तिथून जवळच स्टोक रो नावाच्या खेड्यात काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे, असं ती सांगते. एवढ्या पावसाच्या देशात विहिरीची अडचण कसली? आणि आपल्या मुलखात दुष्काळ पडत असताना राजाने पैसा तिकडे का धाडावा? एप्रिलमध्ये आम्ही उभयता जाणार आहोत. गावात आणखी काय पाहावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीचं म्हणणं अगदी खरं आहे. एप्रिलचा बेत तर उत्तमच.

आधी पाण्याचं. स्टोक रो चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर वसलंय. या टेकड्या खडूच्या दगडाच्या, त्यामुळे पडलेला पाऊस खोल मुरून जातो. गावाला ना ओढा, ना झरा. चिकणमातीच्या खड्ड्यांत साचलेलं गढूळ पाणी लोक वापरत, उन्हाळ्यात तेही आटायचं. शेजारच्या इप्सडेनच्या जमीनदाराचा मुलगा एडवर्ड रीड याने लहानपणी इथे एक प्रसंग पाहिला होता: घरात उरलेलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून आई पोराला बदडत होती. रीड पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. १८३१मध्ये त्याने आझमगढला लोकांसाठी विहीर खणवली. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याची मैत्री जमली आणि ती आठवण त्याने त्यांना सांगितली. रीड मायदेशी परतल्यावर महाराजांनी विहिरीसाठी पैसे दिले.

विहिरीचा व्यास अवघा ४ फूट, खोली ३६८ फूट. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलची उंची ३६५ फूट आहे, यावरून अंदाज करा. सगळं खणकाम हाताने झालं. मला विहिरीवरच्या लोखंडी घुमटाच्या छत्रीपेक्षा त्या अरुंद नळीत उतरून खणणाऱ्या माणसांचंच जास्त वाटतं. खाली ढासळतं तर वर ओढून घ्यायला वेळ कुठला? रहाट आणि ही छत्री जवळच्या वॉलिंगफर्डच्या वाइल्डर यांच्या कारखान्यात झाली. रहाटाच्या दंतचक्रांवर सोनेरी मुलाम्याचा छोटा हत्ती उभा आहे, तो जवळ जाऊन नीट बघा. नऊ गॅलनची, म्हणजे सुमारे ४० लिटरची एक बादली वर यायला दहा मिनिटं दांडा फिरवावा लागे. तरी दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत गाव या विहिरीवर येत होतं, आणि पाणी फुकट होतं.

तुमचा दुसरा प्रश्न टोचणारा आहे आणि तो विचारायलाच हवा. १८६०-६१मध्ये गंगा-यमुनेच्या दुआबात मोठा दुष्काळ पडला होता. १८५७च्या उठावात महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. कामाचा मुहूर्त १० मार्च १८६३चा, युवराज एडवर्डच्या लग्नाचा दिवस. विहीर खुली झाली २४ मे १८६४ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी. राजनिष्ठेचं प्रदर्शन यात होतंच, ते मैत्रीच्या गोष्टीआड लपवू नये. पण देणगी देण्याची पद्धत मात्र मला फार मोलाची वाटते. विहिरीला खर्च आला ३५३ पौंड आणि काही शिलिंग. तेवढ्यावर न थांबता शेजारी चार एकरांत चेरीची बाग लावली, नाव ‘ईश्वरी बाग’. फळं विकून आलेल्या पैशांत विहिरीची निगा राखायची. राखणदारासाठी छोटं घरही बांधलं. आपल्याकडे गावोगाव फीत कापून उद्घाटनं होतात आणि दोन वर्षांत पंप गंजून पडतो, कारण देखभालीचा पैसा कुणी बाजूला काढलेलाच नसतो. इथे तो पहिल्यापासून झाडांवर लागत होता!

बागेत माशाच्या आकाराचं तळं आहे. मासा हे काशीनरेशांच्या राजचिन्हातलं. १९६४मध्ये शताब्दीला राणी एलिझाबेथ दुसरीचे पती प्रिन्स फिलिप आले होते, तेव्हा या विहिरीत गंगाजल ओतलं गेलं.

बाकी गाव लहान. १८४६चं सेंट जॉन चर्च गारगोटीच्या भिंतींसाठी पाहा, दहा मिनिटं पुरतील. भोवतालच्या बीच नावाच्या झाडांच्या रानात मात्र वेळ काढून हिंडा. या लाकडाचे खुर्च्यांचे पाय कातून चिल्टर्नमधल्या कित्येक पिढ्या जगल्या. एप्रिलमध्ये चेरीला बहर असतो.

लंडनला गेलात तर रीजंट्स पार्कमध्ये १८६९चं पिण्याच्या पाण्याचं कारंजं आहे, तेही चुकवू नका. ते दिलंय आपल्या मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी.