जुनी ‘जंगल कार्बाइन’ अस्सल आहे की नंतर कापून बनवलेली, हे कसं ओळखायचं?

तुमच्या मेहुण्यांनी ओहायोतल्या गन शोमध्ये ‘१९४५ ची अस्सल जंगल कार्बाइन’, म्हणजे आखूड, हलकी ब्रिटिश सैनिकी रायफल, म्हणून ली-एनफिल्ड घेतली आणि आता त्यांचे मित्र ती लांब रायफल कापून बनवलेली आहे म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, बरीच वर्षं ली-एनफिल्डच जमवतोय, आणि माझी पहिली खरेदी नेमकी अशीच फसली होती. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढून, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता दांडा) मागे ओढून रायफल रिकामी असल्याची खात्री करायला सांगा. मगच हात लावायचा.

आता मागची साइट, म्हणजे नेम धरायचा भाग, कुठे आहे ते बघा. अस्सल जंगल कार्बाइन म्हणजे ली-एनफिल्डचं नं. ५ मार्क १ हे मॉडेल. तिची मागची साइट बोल्टच्या वर, डोळ्याजवळ असते आणि बारीक भोकातून बघावं लागतं. साइट पुढे नळीवर बसलेली असेल, तर बाकी काही तपासायची गरजच नाही. ती जुनी नं. १ असेल, नाहीतर आपल्या इशापूर कारखान्याची २ए१. ही २ए१ इशापूरने १९६० च्या दशकात ७.६२ मिमी काडतुसासाठी बनवली, तिचं मॅगझिन बारा गोळ्यांचं आणि चौकोनी असतं. अमेरिकेत अशा कितीतरी रायफलींच्या नळ्या कापल्या, तोंडावर जंगल कार्बाइनसारखं, गोळीची ज्वाळा झाकणारं नरसाळं चढवलं आणि ‘जंगल कार्बाइन’ नावाने विकल्या. धडधाकट, न कापलेल्या इशापूर आता शोधाव्या लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

साइट मागे असली तरी निर्धास्त होऊ नका. नं. ४ या लांब ली-एनफिल्डची साइटही तिथेच असते आणि ती कापूनही नकली कार्बाइन बनवतात. इथे खरा कस लागतो. नं. ५ लिव्हरपूलजवळचं फाझाकर्ली आणि बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीचा शर्ली कारखाना, या दोनच ठिकाणी १९४४ ते १९४७ या काळात बनली. सगळा खटाटोप वजन कमी करण्याचा होता, त्यामुळे कारखान्यानेच जागोजागी पोलाद कोरून काढलं. रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्याच्या, बाजू कोरलेल्या असतात, बोल्टच्या हँडलची गोटी टोकाकडून पोकळ असते. पण बोल्ट बदलता येतो. म्हणून नळीवरचं लाकडी झाकण काढायला लावा आणि रिसीव्हरला लागून असलेला नळीचा जाड बुंधा अंगठ्याने चाचपून बघा. अस्सल असेल तर तिथे खोलगट खाचा लागतात. माझ्या रायफलीत अंगठा कुठेही न अडकता सरळ घसरत गेला, आणि विक्रेत्याने सांगितलेली सगळी कहाणी तिथेच संपली. लाकडाखाली झाकलेल्या या जागी कोरीवकाम करण्याचे कष्ट कापणारे सहसा घेत नाहीत.

शिवाय मागच्या साइटवरचे आकडे वाचा. नं. ५ वर ते ८०० यार्डांपर्यंत असतात, नं. ४ च्या शिडीसारख्या साइटवर १३०० पर्यंत. तोंडावरचं नरसाळं आडव्या पिनांनी पक्कं केलेलं हवं. छोट्या स्क्रूने आवळलेलं दिसलं तर ते बाजारातून आणून चढवलेलं समजा. रिसीव्हरवर दुर्बिणीसाठी भोकं पाडली असतील, किंवा पॉलिश मारून अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या असतील, तर कुणीतरी घरी किंवा दुकानात हात चालवलाय.

मात्र प्रत्येक बदल नंतरच्या मालकाने केलेला नसतो, आणि नवखी माणसं इथे मोठं नुकसान करून बसतात. ‘एफटीआर’ आणि साल कोरलेलं असेल तर ती कारखान्यात पूर्ण दुरुस्त झालेली रायफल. जाड काळा रंगसुद्धा बऱ्याचदा सैन्याचाच असतो, तो खरवडू नका. बोल्टवरचा जुना क्रमांक रेघ मारून खोडला असेल आणि शेजारी नवा ठोकला असेल, तर ते आर्मररचं, म्हणजे सैन्यातल्या शस्त्र-दुरुस्ती कारागिराचं, काम असू शकतं. इशापूरच्या जुन्या नं. १ वर पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली सापडते. ती तुटलेलं लाकूड बांधायला नाही, ग्रेनेड डागताना लाकूड फुटू नये म्हणून सैन्यानेच गुंडाळलेली असते. एकाने ती ‘साफसफाई’ म्हणून उलगडून टाकलेली मी पाहिली आहे.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. एनसीसीत ज्यांनी कवायत केली त्यांना ‘डीपी’ (ड्रिल पर्पज) रायफल माहीत असेल: फक्त कवायतीची, गोळी झाडण्यासाठी नव्हे. काही विक्रेते ही अक्षरं घासून काढतात, नळीला पाडलेलं भोक वेल्डिंगने बुजवतात. रिसीव्हरवर किंवा नळीच्या बुंध्याशी घासल्याचा उथळ खळगा दिसला, तर जाणकार गनस्मिथने उघडून बघेपर्यंत मेहुण्यांनी त्यातून एकही गोळी झाडू नये.

नळीचा बुंधा, बोल्टची गोटी आणि रिसीव्हरची डावी बाजू, या तीन जागांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे टाका. मी बघून सांगतो.